झालेल्या सहलीची अनामत

"कारण काय लिहू, काका?" असे काउंटरपलीकडच्या बाईंनी विचारले तेव्हा भोंगासाहेबांनी तोंड उघडले, आणि उघडलेल्या तोंडातून काहीच बाहेर पडत नाही असे पाहून ते मुकाट्याने मिटून घेतले. असे त्यांच्या आयुष्यात फारसे घडले नव्हते. रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून उभी हयात घालवलेला हा माणूस कामगारांशी, मालकांशी, विमावाल्यांशी आणि वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसांशी इतका भांडला होता की समोरच्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याचे उत्तर, त्या उत्तरावर येऊ शकणारा आक्षेप आणि त्या आक्षेपाचे खंडन अशी तिन्ही शस्त्रे त्यांच्या हाताशी परजून तयार असत. आजही ती होती. सकाळी दाढी करताना, नंतर बसमध्ये खिडकीपाशी बसून, आणि मग या सहल कंपनीच्या कार्यालयात भिंतीवरच्या तळ्याच्या भल्यामोठ्या चित्राखाली आपला क्रमांक येण्याची वाट पाहताना त्यांनी एक सबंध भाषण मनातल्या मनात रचले, घासूनपुसून लख्ख केले होते. करार म्हणजे काय; जी सेवा घेतलीच नाही तिचा मोबदला कसा मागता येईल; निघण्याच्या महिनाभर आधी सूचना दिल्यावर कंपनीचे नुकसान ते नेमके कोणते; आणि नुकसान नसताना अनामत रोखून धरणे याला सभ्य भाषेत काय म्हणतात. भाषण निर्दोष होते. फक्त कुणी साधे कारण विचारील हे त्यात कुठेही गृहीत धरलेले नव्हते.

"म्हणजे बघा," बाई म्हणाल्या. चष्मा त्यांनी नाकावरून खाली ओढला, तो साखळीला लोंबकळत राहिला. "आजारपण असेल आणि डॉक्टरांच्या दोन ओळी असतील, तर अनामत सगळी परत. घरात कुणी गेलं असेल, तरी सगळी. बाकी काहीही असो, निम्मी कापतात. आता तुमचं कशात बसतं ते सांगा, म्हणजे मला तसं लिहायला बरं."

"कशातच बसत नाही."

"मन बदललं?"

"मुळीच नाही."

"मग तब्येत?"

"ठणठणीत."

"काकूंची?" बाईंचा आवाज जरासा खाली आला. त्यात कुतूहल नव्हते, मदत होती. बुडणाऱ्याकडे दोर फेकावा तसा तो प्रश्न त्यांनी काउंटरवरून अलीकडे टाकला. "या वयात काही ना काही असतंच की. पाठ, गुडघा?"

गुडघा हा शब्द ऐकताच भोंगासाहेबांना सकाळचे स्वयंपाकघर आठवले. बायको उभी होती. टोस्ट उलटत होती. उभी होती ही गोष्ट त्यांनी मुद्दाम नोंदवली, कारण गेली दोन वर्षे टोस्ट उलटायलासुद्धा ती स्टूल ओढून बसत असे. "हे बघा," ती पाठमोरीच म्हणाली होती, "पैसे सगळेच्या सगळे आणायचे. भांडून आणा. भांडण तुम्हाला कुणी शिकवायला नको. माझे स्वेटर आहेत त्यात." हे खरे होते. अनामत भरली होती ती तिने दुकानासाठी लहान मुलांचे स्वेटर विणून साठवलेल्या पैशांतून. कितीतरी अनोळखी बाळांच्या इवल्या इवल्या बाह्या त्या रकमेत जमा होत्या. त्या पैशांचे आता काय करायचे तेही ठरले होते: इमारतीच्या गच्चीवर वेताच्या दोन चांगल्या खुर्च्या आणि त्यांच्यावर सावलीला कायमचे छत. छताचा कारागीर येऊन माप घेऊन गेला होता. "सगळे आणतो," असे ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, तशी ती उलथने हातात धरून वळली. "पण एक. माझ्या गुडघ्याचं नाव घ्यायचं नाही. बिचारा चालतोय आता कुठे. त्याला उगाच आजारी पाडाल तर बघा." पैसे सगळे आणायचे आणि गुडघा मध्ये आणायचा नाही. या दोन आज्ञा एकमेकींच्या मुळावर उठलेल्या आहेत हे सकाळी दोघांपैकी कुणालाच दिसले नव्हते. आता ते भोंगासाहेबांना स्वच्छ दिसत होते, आणि बाईंची लेखणी कागदावर टेकून थांबली होती.

"जरा विचार करू द्या," ते म्हणाले.

"करा की. घाई नाही," बाई म्हणाल्या आणि चहाचा कप जवळ ओढून त्यांनी त्यात बिस्कीट बुडवले.

खरे कारण भोंगासाहेबांना पक्के ठाऊक होते. अडचण एवढीच होती की ते उच्चारले असता वेड्यासारखे वाटेल. आपण वेडे नाही याविषयी त्यांना शंका नव्हती. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यातले दुवे तपासलेल्या माणसाला स्वतःच्या बोलण्यातला निखळलेला दुवा लवकर टोचतो. सुरुवात केली होती मुलीने. ती दूर राहत होती, आणि दूर राहणाऱ्या मुलांना असते तशी आईबापांनी मजा करावी याची तिला फार घाई होती. डोंगरातले तळे, सात दिवस, सगळे काही कंपनीचे. तुम्ही फक्त जायचं, बाबा. ती फोनवर इतकी म्हणाली की शेवटी बायकोने अनामत भरून टाकली आणि कार्यक्रमाची छापील पत्रिका घरी आली. ती वाचताना भोंगासाहेबांच्या आत कुठेतरी जुना भोंगा वाजला. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढून देखाव्याच्या टेकडीवर. तिसऱ्या दिवशी तारेवरच्या पाळण्यातून दरीपार. पायऱ्या म्हणजे बायकोचा गुडघा, आणि पाळणा म्हणजे बायकोला उंचीची वाटणारी भीती. कुठल्याही जोखमीला सामोरे जाण्याची त्यांना एकच रीत माहीत होती, आणि ती त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केली. "आपण आधी तालीम करू."

"कसली?"

"सहलीची. सगळी. पहिल्या दिवसापासून."

बायकोने पत्रिका मिटून ठेवली होती. "पाहुण्यांना सांगू नका हं," एवढेच ती म्हणाली; आणि मग, हे महत्त्वाचे होते, ती हसली नव्हती.

तालमीवाचून भोंगासाहेबांना जग कधी समजलेच नाही. रंगाचा कारखाना म्हणजे काडी पडायची खोटी. म्हणून आगीची कवायत. भोंगा वाजला की तिन्ही मजल्यांवरच्या माणसांनी हातातले टाकून, न धावता, न बोलता, जिन्याने खाली उतरून फाटकाजवळच्या मैदानात जमायचे. साहेब मैदानात घड्याळ घेऊन उभे. कुणी डबा घेऊन आले की त्याच्यावर डाफरणार, कुणी बूट बदलायला थांबले की त्याची जाहीर हजेरी घेणार. त्यावरूनच भोंगासाहेब हे नाव पडले. ते इतके मुरले की निरोपाच्या समारंभात मालकसुद्धा बोलताना अडखळले आणि खरे नाव त्यांना चिठ्ठीत बघावे लागले. आणि आग कधी लागली नाही. एकदाही नाही. एवढ्या वर्षांत एक टोपलीसुद्धा पेटली नाही. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी ही गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी शिरून बसली होती. डॉक्टरजवळ बरे झालेले रोगी असतात, गवंड्याजवळ घरे असतात, आचाऱ्याजवळ निदान तृप्त माणसांची आठवण असते; आपल्याजवळ काय? न लागलेली आग. ती आपल्यामुळे लागली नाही असे म्हणावे तर पुरावा नाही, आणि ती तशीही लागणारच नव्हती असे म्हणावे तर सगळे आयुष्य म्हणजे एक तालीम, जिचा प्रयोग कधी लागलाच नाही. हा युक्तिवाद त्यांनी स्वतःशी पुष्कळदा करून पाहिला होता, आणि दोन्ही बाजूंनी तेच हरत असत.

तर तालीम सुरू झाली. पहिल्या सकाळी ते न्याहारीला आले तेव्हा बायकोने ओट्यावर घरातली सगळी वाडगी ओळीने मांडली होती. एकात उकडलेली अंडी, एकात सफरचंदाच्या फोडी, एकात लोणी, एकात, कशी कोण जाणे, नुसती साखर. "आपापलं वाढून घ्यायचं," ती म्हणाली. "तिथे असंच असतं. मी वाढणार नाही." ताटली हातात घेऊन आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखे उभे राहताना त्यांना विलक्षण अवघडल्यासारखे झाले. आणि मग बायको ताटली घेऊन त्यांच्या मागे रांगेत उभी राहिली, आणि हळूच म्हणाली, "पुढे सरका हो, मागे माणसं खोळंबलीत." ते सरकले. दुसऱ्या दिवशी टेकडीसाठी जिना. पहिल्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर बसकण, पुढच्या खेपेला तिसऱ्या. दर संध्याकाळी थोडे वर. शेवटी एकदा त्यांनी गच्चीचे गंजलेले दार खांद्याने ढकलून उघडले. ज्या इमारतीत आपण मुलीचे लग्न केले, जिची डागडुजी, रंगरंगोटी, भांडणे सगळे पाहिले, तिच्या डोक्यावर आपण कधी उभेच राहिलो नाही हे त्यांना तेव्हा कळले. पाण्याच्या टाक्या, तारा, वाळत घातलेल्या चादरी, आणि पलीकडे दूरवर पसरलेली छपरे. सूर्य मावळत होता, आणि एरवी खिडकीतून वितीएवढा दिसणारा तो मावळता प्रकाश इथे कुणी मोजूनमापून दिलेला नव्हता. "वाटाड्या कुठाय?" बायको धापा टाकत म्हणाली. "माहिती सांगा की. पैसे भरलेत." तेव्हा त्यांनी बोट दाखवून माहिती सांगितली: ती उंच इमारत, तिचा मागचा जिना सामानाने बंद केलेला आहे, ते नाट्यगृह, दारे आत उघडतात, चूक आहे, ती शाळा, ती मात्र चांगली, दोन जिने. बायको पाण्याच्या टाकीला टेकून पोट धरून हसत होती. हसता हसता ती गुडघा चोळायचे विसरली होती, हे त्यांनी पाहिले, पण ते बोलले नाहीत.

पाळण्याच्या सरावासाठी ते मोठ्या बाजारातल्या काचेच्या लिफ्टने वर गेले आणि खाली आले, पुन्हा वर गेले. पहिल्यांदा तिने डोळे गच्च मिटून त्यांची बाही धरली, तिसऱ्यांदा एक डोळा उघडला, नंतर लिफ्टवाल्याने विचारले, "आजी, कुठल्या मजल्यावर?" तर ती म्हणाली, "आम्ही दरी बघतोय." पण या सगळ्यांत कठीण निघाली ती पत्रिकेतली एक साधी ओळ. दुपारी मोकळा वेळ. मोकळ्या वेळाची तालीम कशी करतात ते भोंगासाहेबांना उमगेना. त्यांनी नळाचा वॉशर बदलायला काढला, तर बायकोने पाना काढून घेतला. वर्तमानपत्र उघडले, तर तिने ते मिटून ठेवले. "मोकळा म्हणजे मोकळा," ती म्हणाली. मग दोघे पलंगावर पडून राहिले, छताकडे बघत, भर दुपारी, अंगावर काही नीट पांघरलेले नाही, काही नीट काढलेले नाही, आणि पडल्या पडल्या, कुठून विषय निघाला कोण जाणे, ती म्हणाली, "तुमचा भोंगा ऐकू यायचा इथे."

"इथे? शक्य नाही. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत."

"यायचा म्हणते ना. शनिवारी बाराला तुम्ही वाजवून बघायचात, तेव्हा. भाजी चिरत असले तरी हातातलं थांबायचं. आणि मी म्हणायचे, हं, ऐकू आलं."

"कुणाला म्हणायचीस?"

"भिंतीला. कुणाला म्हणणार?" ती कुशीवर वळली. "वाजला म्हणजे तुम्ही आहात. मग पुढची भाजी."

त्या दुपारी भोंगासाहेबांनी वाद घातला नाही. रूळ, वारा, अंतर, आवाजाचा वेग, सगळी शस्त्रे हाताशी होती. त्यांनी ती तशीच राहू दिली. त्यांच्या डोळ्यांसमोर मैदान आले: कवायतीत तिन्ही मजले रिकामे होऊन उन्हात उभे आहेत, रंगांचे डाग पडलेले सदरे, एकमेकांना फक्त अशा वेळीच भेटणारी माणसे, आणि पॅकिंगमधली एक जाडजूड बाई गवतावर फतकल मारून बसली आहे, तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले. "साहेब," ती ओरडली होती, "रोज लावा की हो आग!" सगळे मैदान हसले होते. त्या वेळी ते घड्याळाकडे पाहत होते. आता इतक्या वर्षांनी, पलंगावर पडल्या पडल्या, त्यांनी त्या बाईच्या मिटलेल्या डोळ्यांवरचे ऊन पाहिले. ते ऊन कवायतीचे नव्हते. ते खरेच होते.

आणि मग सहाव्या संध्याकाळी बायकोने सरावासाठी भरलेली बॅग उघडली, कपडे एकेक करून कपाटात ठेवले, मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "दमले हो. पण छान झाली."

"काय?"

"सहल."

त्यांनी रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली. "आता पुन्हा जायचं म्हणजे..." असे ते म्हणू लागले, आणि तिने वाक्य पुरे केले: "तेच तेच." नंतर फोनवर मुलगी खूप रागावली, बाबा तुम्ही दोघं अशक्य आहात असे म्हणाली, आणि शेवटी हसू आवरेना म्हणून तिनेच फोन ठेवला.

"झाला विचार?" बाईंचा चहा संपला होता.

भोंगासाहेबांनी घसा खाकरला, आणि जे वेड्यासारखे वाटेल असे वाटत होते ते सगळे क्रमाने, सुसंगतपणे, एखाद्या अपघाताचा अहवाल द्यावा तसे सांगून टाकले. वाडगी, जिना, गच्ची, काचेची लिफ्ट. मोकळ्या वेळाविषयी मात्र त्यांनी फक्त 'आराम' एवढेच म्हटले. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला, बहुधा या गृहस्थाला नीट बघून घ्यावे म्हणून. मागे रांगेतला कुणी माणूस खोकला. त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही.

"आणि तळं?" त्या म्हणाल्या. "तळ्याचं काय केलंत?"

"गच्चीवर टाकी आहे," भोंगासाहेब गंभीरपणे म्हणाले. "झाकण काढून पाहिलं."

बाई एकदम हसल्या, आणि तोंडावर हात ठेवून त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मी गेलेय हो तिथे. दोनदा. एकदा सगळं धुकं होतं, काही दिसलं नाही. एकदा दिसलं, पण गर्दी इतकी की..." त्यांनी हात झटकला. "बरं. म्हणजे, काका, सहल झाली म्हणा की तुमची."

"झाली."

"मनासारखी?"

"अगदी."

"मग झालेल्या सहलीचे पैसे परत कसे मागता?"

भोंगासाहेब थबकले. बाईंच्या चेहऱ्यावर कावेबाजपणा नव्हता. त्यांना सहज सुचले ते त्या बोलून गेल्या होत्या. सकाळपासून घासूनपुसून लख्ख केलेले भाषण भोंगासाहेबांनी मनात उचलून पाहिले, आणि त्याचे पहिलेच कलम, जी सेवा घेतलीच नाही तिचा मोबदला, त्यांच्या हातातच गळून पडले. सेवा घेतलेली होती. सहल झाली नाही असे म्हटले, तर पैसे मागता येत होते. पण मग ती वाडगी, तो मावळता प्रकाश, ती दुपार, सगळे एका न झालेल्या गोष्टीची पूर्वतयारी होऊन बसत होते, पुन्हा एकदा न लागलेली आग. आणि सहल झाली म्हटले, तर ती झाली; मग कुणापुढे हात पसरायचा? इतक्या वर्षांत त्यांना कुणी असे चारी बाजूंनी बांधले नव्हते. आणि आश्चर्य असे की बांधले गेल्याबरोबर आत कुठेतरी त्यांना मोकळे वाटले. छातीतले ते जुने कुसळ चाचपून पाहावे तर जागेवर नव्हते.

"बिनतोड," ते म्हणाले. "मान्य."

"अहो, गंमत केली मी." बाई पुढे झुकल्या. "ऐका माझं. काकूंचा गुडघा लिहिते. तुमचे डॉक्टर दोन ओळी देतील. सगळे असंच करतात, कुणी बघायला येत नाही. उगाच निम्मे कशाला घालवता?"

निम्मे म्हणजे किती बाह्या, किती गळे, दिव्याखाली मोजलेले किती टाके, हे त्यांच्या मनात आल्याशिवाय राहिले नाही. छताचे माप घेऊन गेलेला कारागीरही आठवला. मग त्यांना जिन्यातला गुडघा दिसला: पुढच्या पायरीवर टेकणारा, क्षणभर थरथरणारा, आणि मग सबंध बाईमाणसाला वर उचलून घेणारा.

"तो बरा आहे," ते म्हणाले. "निम्मे कापा."

"मग कारण 'वैयक्तिक' टाकते."

"वैयक्तिक म्हणजे काय? त्याच्यात आत्महत्येपासून आळसापर्यंत सगळं मावतं. जे कारण काहीही सांगत नाही ते कारण नव्हे. लिहा: सहल झाली."

"असं कुणी लिहितं का हो!"

"आजवर कुणी लिहिलं नसेल. चूक आहे का त्यात काही? काढून दाखवा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मागच्या रांगेकडे पाहिले, आणि मान हलवून त्या लिहू लागल्या. "वर कुणी वाचत नाही म्हणून बरं," त्या पुटपुटल्या. निम्म्या रकमेचा धनादेश पुढे सरकवताना त्यांना काहीतरी आठवले. "आणि शेवटचा दिवस? परतीचा प्रवास असतो ना पत्रिकेत. तो कसा केलात?"

भोंगासाहेब विचारात पडले. "तो राहिला," ते म्हणाले. "घरीच होतो. परतणार कुठून?"

बाहेर आले तेव्हा रस्त्यावर दुपार कलली होती. बसथांब्यापाशी ते उभे राहिले. बस आली, आणि त्यांनी ती जाऊ दिली. हातात काही नव्हते, खिशात निम्मे पैसे होते. ते चालू लागले. दुकानांच्या पाट्या, सावलीत झोपलेले कुत्रे, एका खिडकीत कुणीतरी पेटीवर पुन्हा पुन्हा चुकत वाजवलेली तीच ती धून, हे सगळे त्यांनी अशा नजरेने पाहिले जशी नजर माणसाला लांबून घरी परतताना असते. काही बदललेले नाही याचेच जिला अप्रूप वाटते. रुळांवरचा पूल ओलांडताना ते कठड्यापाशी थांबले. एका बाजूला दूर कारखान्याचे धुराडे दिसत होते, दुसऱ्या बाजूला आपल्या इमारतीवरची टाकी. वारा धुराड्याकडून टाकीकडे वाहत होता. अंतर त्यांनी डोळ्यांनी मापले. ऐकू येत असेल, असे त्यांनी कबूल केले. वारा असा असला, तर येत असेल.

आता तिला काय सांगायचे याची जुळवाजुळव ते जिना चढताना करत होते. पैसे निम्मेच आणले, पण गुडघ्याला हात लावला नाही. खुर्च्या येतील, छत येणार नाही. यावर ती काय म्हणेल तेही त्यांना ऐकू येत होते: संध्याकाळी बसायचं तर छत कशाला हवं हो? दाराशी आल्यावर त्यांनी किल्ली काढली, आणि पुन्हा खिशात ठेवली. मग बोट घंटीवर ठेवून, शेजारीपाजारी काय म्हणतील याची पर्वा न करता, त्यांनी ती दाबूनच धरली. लांब, एकसुरी, थांबू नये इतकी.

आत सुरीचा आवाज थांबला.

"हं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ऐकू आलं."